भिंतींविना घर : अकोटचे पानमळे आणि सावलीतील शेती

शहरांतील सदनिकांमध्ये सध्या दिव्याच्या प्रकाशात तुळस, पुदिना, कोथिंबीर बारमाही पिकवण्याची हौस वाढते आहे. या हौसेचा इतिहास सांगणारे बहुतेक जण रोमपासून आरंभ करतात. हा धागा अकोटचा आहे. तरीही रोमला बगल देता येत नाही, कारण फरक तिथेच कळतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी लिहितो की सम्राट टायबेरियसला काकडीच्या जातीचे एक फळ रोज ताटात लागे. त्यासाठी माळ्यांनी चाके लावलेले वाफे केले होते. ऊन असेल तेव्हा ते बाहेर ढकलायचे, थंडीत पारदर्शक दगडाच्या तावदानांआड न्यायचे. पुढे सतराव्या शतकात युरोपातील श्रीमंतांनी संत्र्यांच्या झाडांसाठी काचेच्या मोठ्या खिडक्यांची दालने बांधली. काचघराचा सगळा इतिहास असा थंडीशी झगडण्याचा आहे.

वऱ्हाडात झगडा उलट. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, वारा भट्टीसारखा लागतो. आणि याच भूमीत, सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट आणि अंजनगाव सुर्जी या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या एक अशी वेल जोपासली गेली जी मूळची आग्नेय आशियातील दमट अरण्यांची आहे : नागवेल, म्हणजे विड्याचे पान.

ती इथे जगली ती उघड्या शेतात नव्हे. पानमळा हे खरे तर एक घरच असते. आधी शेवरी, पांगारा अशी भराभर वाढणारी झाडे दाट ओळींत लावायची. ती वेलीचा आधार, आणि तीच छप्पर. कडेने गवताचा वा काट्याकुट्यांचा आडोसा, म्हणजे गरम वारा आत शिरू नये. आत अरुंद वाटा, वारंवार थोडे थोडे पाणी. ही झाडे शेंगवर्गीय असल्याने त्यांच्या मुळांमुळे जमिनीला नत्रही मिळते. बाहेर रखरख असताना आत ओलसर गारवा. जागेचे हवामान बदलण्याची ही युक्ती तावदानाइतकीच चतुर आहे. तिच्यात काच नाही, लोखंड नाही, एवढ्यावरून तिला 'तंत्रज्ञान' म्हणायचे आपण टाळतो, हे मला पटत नाही.

पाने एकदाच येऊन संपत नाहीत. खुडणी चालूच राहते. वेल वर वर चढत जाते, हाताच्या आवाक्याबाहेर जाते. मग ती खाली उतरवून, तिचा बुंध्याकडील भाग वळवून मातीत पुरतात. तिथून नवी मुळे फुटतात आणि शेंडा पुन्हा तळापासून चढू लागतो. मराठीत याला उतरण म्हणतात. म्हातारी वेल जणू दरवर्षी नव्याने लहान होते.

हे काम परंपरेने बारी समाजाचे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत बरई, म्हणजेच बारी, या नोंदीत १९११ च्या जनगणनेनुसार मध्य प्रांत व वऱ्हाडात या समाजाचे जवळजवळ ६०,००० लोक असल्याचे म्हटले आहे. वासाहतिक अधिकाऱ्यांची ही पुस्तके सावधपणेच वाचावी लागतात, कारण माणसांना खणाखणांत ठेवण्याची त्यांची घाई पानोपानी दिसते. पण त्यांनी टिपलेली एक कथा मोलाची आहे.

कथा अशी. पूर्वी पृथ्वीवर पानवेल नव्हती. पांडवांना अश्वमेधाच्या वेळी पान हवे झाले, म्हणून दूत पाताळात नागांच्या राणीकडे गेले. तिने आपल्या करंगळीचे पेर कापून दिले. ते जमिनीत लावले आणि त्यातून वेल उगवली. म्हणून वेलीला ना फूल ना बी. पेरे कापून लावावी लागतात. (पुराणांतील वासुकी राजा आहे, या कथेत ती राणी झाली आहे.) नागपंचमीला मळ्यातील नागाच्या दगडाची पूजा होई, अशीही नोंद तिथे आहे.

आता ही कथा शेतकऱ्याच्या नजरेने वाचा. नागवेलीत नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात, आणि मळ्यात बी धरण्यापर्यंत गोष्ट क्वचितच जाते. लागवड फांदीच्या तुकड्यांचीच. म्हणजे आजच्या मळ्यातील वेल ही कुणाच्या तरी जुन्या वेलीचे शब्दशः अंग आहे. धान्याचे बी दुष्काळात कणगीत जपता येते. वेलीचे तसे नाही. एक उन्हाळा पाणी तुटले किंवा घरातील एका पिढीने हात काढून घेतला, तर तो वाण तिथेच संपतो. शिवाय सगळ्या वेली एकाच अंगाच्या असल्याने मर रोग आला की एकजात झोपतात. आणि ज्या ओलाव्यावर वेल जगते त्याच ओलाव्यात तो रोगही पोसला जातो.

पाण्याचा मुद्दा अकोटच्या नकाशावर स्पष्ट दिसतो. तालुक्याच्या दक्षिणेस पूर्णेचा खारपाणपट्टा आहे. तिथले विहिरीचे पाणी वेलीच्या कामाचे नाही. उत्तरेस सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्यांच्या गाळाखाली गोडे पाणी सापडे. मळे त्या गोड्या पाण्याच्या मागे गेले.

किती जुनी ही गोष्ट? 'लीळाचरित्रा'त विड्याचे उल्लेख आहेत आणि त्यातील बराच प्रदेश वऱ्हाडचा आहे. पण विडा खाल्ल्याचा पुरावा म्हणजे मळा असल्याचा पुरावा नव्हे. पाने टोपल्यांतून दूरवर जात. १५९६ च्या सुमारास वऱ्हाड मोगलांकडे गेला, अकोटचा परिसर नरनाळा सरकारात आला. त्याच काळातील 'आईन-इ-अकबरी'त पानांच्या जाती नावानिशी दिल्या आहेत. त्यांतील 'कपुरी' हे नाव महाराष्ट्रातील पानबाजारात आजही चालते.

या मळ्यांत आणखी एक वेल असते, आणि माझ्या मते अकोटची खरी नवलाई तीच : पानपिंपरी. नागवेलीची ही सख्खी बहीण. हिची बोटाच्या पेराएवढी हिरवी कणसे तोडून वाळवली की औषधातील पिंपळी तयार होते. सुंठ, मिरे, पिंपळी मिळून त्रिकटू. आजीच्या बटव्यातील चौसष्ट प्रहरी पिंपळी हीच, आठ अहोरात्र खलली जाणारी.

'पिप्पली' या संस्कृत शब्दापासून ग्रीक 'पेपेरी', लॅटिन 'पिपेर' आणि इंग्रजी 'पेपर' आले. म्हणजे जगाने काळ्या मिऱ्याला जे नाव दिले ते मुळात पिंपळीचे. प्लिनीच्या काळी रोममध्ये पिंपळी रत्तलाला १५ देनारी, पांढरे मिरे ७ आणि काळे ४ या भावाने विकले जाई. त्याच शतकातील 'पेरिप्लस' भडोचच्या निर्यातीत पिंपळी नोंदवतो. ती पिंपळी अकोटची होती असे म्हणण्याचा मोह मात्र आवरावा. पुढे अमेरिकेतून मिरची आली, तिखटपणा स्वस्त झाला आणि पिंपळी स्वयंपाकघरातून निघून वैद्याच्या डब्यात गेली. वऱ्हाडी ठेच्याने तर तिची आठवणही ठेवली नाही.

एकोणिसाव्या शतकातील अकोट कागदपत्रांत दिसते ते कापसामुळे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीने वऱ्हाडी कापसाला भाव आला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि सरकारी लेखणी कापसामागे धावू लागली. चार-दोन गुंठ्यांचा मळा त्या हिशेबात ओळभर जागाही क्वचितच मिळवतो. म्हणून पानमळ्यांचा इतिहास घराघरांतल्या कागदांत शोधावा लागणार.

अकोट, तेल्हारा, अंजनगावकडच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे किंवा पानांच्या विक्रीच्या वह्या असतील, तर त्यांत मळ्याचे नाव, विहिरीतील हिस्सा आणि वेलीच्या वाणाचा उल्लेख पाहावा. वेल कुणाच्या मळ्यातून आणली, हे घरातील वडीलधाऱ्यांना अनेकदा तोंडपाठ असते. ते आधी लिहून घ्या. कागद नंतर शोधला तरी चालेल.