काळे पाणी : दंतकथा आणि नोंद

समुद्र ओलांडला की जात गेली, ही आपल्याकडील जुनी समजूत. ‘काळे पाणी’ या शब्दाला तोच धाक चिकटलेला. इंग्रज सरकारने त्या धाकाचीच शिक्षा केली. आपल्या भगूरचे वि. दा. सावरकर १९११ साली अंदमानास पोहोचले. कोलू फिरवून दिवसाला ३० पौंड तेल गाळावयाचे, हा तेथील नेम. १९२७ च्या ‘माझी जन्मठेप’मध्ये या नेमाबरोबर कैद्यांच्या संपाचीही हकीकत आहे; पुढे १९३७ साली ‘काळे पाणी’ ही कादंबरी आली. श्रोतेहो, त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असोत. पण दंतकथेतल्या बेटावरील घाम त्यांनी पौंडांत मोजून लिहिला. कोणतीही मागणी अशाच नोंदीवर उभी राहते, हे आम्हा कामगारांस पक्के ठाऊक आहे.