जुन्या जीपचा ब्रेक, एरंडेल आणि दीड सुताची नळी



सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला. थोडी सवड मिळाली म्हणून वडिलांच्या वेळची जीप बाहेर काढली. बारा वर्षं गोठ्याशेजारी उभी होती. इंजिन दोन दिवसांत सुरू झालं. मागच्या चाकांकडं जाणारा ब्रेकचा पाईप मात्र गंजून गेला होता. ओळखीच्या मिस्त्रीनं फ्रिजच्या कामाची तांब्याची नळी बसवून दिली. मीच म्हणलं होतं, "सध्या चालेल असं करा."

जिंतूरहून येलदरीकडं जाताना उतारावर ब्रेकवर पाय ठेवला अन् पायडल सरळ फळीला टेकलं. जीपमध्ये पोरगा अन् पुतण्या. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, बाजूच्या मुरुमावर गाडी थांबली. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, मागच्या शाफ्टवर असतो अन् तारेनं चालतो. त्याला तेलाशी देणंघेणं नाही. म्हणून वाचलो. खाली वाकून पाहिलं तर नळीचं तोंड नटात दाबलं होतं तिथंच केसाएवढी चीर.

एका चिरेनं चारही चाकांचा ब्रेक कसा जातो? ठिबकवाल्याला हे सांगायला नको. लॅटरल फुटली की सगळ्या ओळीचा दाब पडतो. जुन्या जीपमध्ये एकच मास्टर सिलिंडर अन् चारही चाकांना एकच तेलाची वाट. मधे कुठंच वॉल्व नाही. फरक एवढाच, की ठिबकला साधारण एक किलो दाब असतो. जोरात ब्रेक मारला की या नळीत दर चौरस सेंटिमीटरला 70 किलोच्या आसपास दाब येतो.

ही पद्धत आली कुठून? आधी मोटारींचे ब्रेक सळया अन् तारांवर चालायचे. एक चाक जास्त धरायचं, दुसरं कमी. जोडीतला एक बैल थांबला अन् दुसरा ओढतोय, अशी गत. बंद नळीतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडं सारखा पोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम. तो अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडनं चाकांना लावला, 1917 साली पेटंट घेतलं. विमानवाल्या लॉकहीडचा हा भाऊ. 1921 च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. पण पहिले वायसर कातड्याचे होते, ते गळायचे. 1924 च्या क्रायस्लरनं रबरी वायसर घातले, तेव्हा गळतीचा प्रश्न बराच सुटला. म्हणजे गळतीची झटापट या ब्रेकच्या जन्मापासूनचीच आहे.

आता आपल्या कामाची गोष्ट. रबर आलं, तर त्याला मानवणारं तेल पाहिजे. खनिज तेलानं ते रबर फुगतं. म्हणून सुरुवातीच्या काळात ब्रेक ऑइलमध्ये एरंडेल अन् अल्कोहोल वापरायचे. आपण कपाशीच्या कडेनं एरंडी लावतो, तीच. पुढं ग्लायकॉलचं तेल आलं, आजचं डॉट 3 अन् डॉट 4. ते रबराला मानवतं, पण हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट 3 निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही हद्द 140 अंशांवर येते. आणि तेच पाणी सिलिंडर आतून गंजवतं. माझ्या जीपमध्ये बारा पावसाळे मुरलेलं तेल होतं.

जीप जन्मली 1941 च्या सुमारास, लढाईसाठी. विलीज अन् फोर्डनं मिळून सहा लाखांहून जास्त बनवल्या. चाळीसच्या दशकाच्या शेवटी महिंद्रानं मुंबईत सुट्या भागांपासून विलीज जीप जोडायला सुरुवात केली. आपला परभणी जिल्हा 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. पुढं 2 ऑक्टोबर 1952 ला सामूहिक विकास योजना सुरू झाली, 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, 1972 ला परभणीत कृषी विद्यापीठ झालं. त्या काळात बांधापर्यंत पोचणारी गाडी म्हणजे जीप. सरकारी लिलावातनं ती वाड्या-वस्त्यांवर आली, मग काळी-पिवळी झाली, दहा-पंधरा माणसं भरून धावली. ब्रेकची वाट मात्र बऱ्याच जुन्या गाड्यांत एकेरीच राहिली. अमेरिकेत 1968 पासून नव्या मोटारींना दोन वेगळ्या वाटा सक्तीच्या झाल्या, म्हणजे एक फुटली तरी दुसरी धरते. ठिबकला दोन सबमेन असाव्यात तसं.

त्यात आपली काळी माती. ओली झाली की चेसिसला लिंपल्यासारखी बसते, आठवडाभर ओल धरते. पाईप गंजतो तो नेमका क्लिपाखाली, जिथं नजर जात नाही. मास्टर सिलिंडरही पायाखाली फळीच्या तळाला, म्हणजे चिखल-शेण थेट त्याच्यावर.

असली नळी कशी असते? बाहेरून दीड सुताची, पोलादाची पत्री दोन वेढे गुंडाळून तांब्यानं सांधलेली. तिचं तोंड दुहेरी दुमडून बसवतात. साधं तांबं मऊ, हादऱ्यानं कडक होतं अन् तोंडाशी चिरतं. माझं तेच झालं. तांबं-निकेलची नळी मिळाली तर चांगली, ती गंजत नाही.

दुसऱ्यांदा काम केलं ते असं:

1. सगळे सांधे कोरडे पुसले. पोराला पायडल दाबून धरायला लावलं अन् एकेक सांधा बघितला. जिथं रंग फुगलाय किंवा सोललाय तिथं आधी बघा, ब्रेक ऑइल रंग खातं.

2. ड्रम उघडून वायसरची रबरी टोपी उचलून पाहिली. आत ओल म्हणजे व्हील सिलिंडर गळतोय. तेल पिलेले लायनर टाकून द्या.

3. बाहेर कुठंच ओल नाही, तरी दाबलेलं पायडल हळूहळू खाली बसतंय, तर मास्टरचे वायसर गेलेत.

4. पाईप, तिन्ही होज, सगळे किट नवे घातले. भाग धुतले ते ब्रेक ऑइलनं. डिझेलनं धुऊ नका, अन् ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल तर अजिबात ओतू नका. खात्री हवी असेल तर जुना वायसर रात्रभर त्यात बुडवून बघा.

5. हवा काढली मास्टरपासून लांबच्या चाकाकडून जवळच्याकडं. मग पायडल दाबून धरलं अन् पुन्हा सगळे सांधे बघितले. पहिले चार दिवस गाडी शेतरस्त्यावरच.

शेतीत जुगाडाशिवाय चालत नाही. पंपाला, पेरणीयंत्राला मीही करतो. बिघडलं तर एक दिवस वाया जातो. ब्रेकच्या नळीत "सध्या चालेल" म्हणणारा मीच होतो, मिस्त्रीचा दोष नाही. ती चिरलेली नळी शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलीय. पोरगं विचारतं, कशाला ठेवली? म्हणलं, पुढच्या वेळी मी असं बोललो तर काढून दाखव.

कुणाकडं जुनी जीप उभी असेल तर चालू करायच्या आधी तिच्या खाली झोपून एकदा नळी बघा. इंजिन नंतर.