मार्कर बीकन
मार्कर बीकन हा आयएलएस या उपकरणाधारित अवतरण प्रणालीतील कमी शक्तीचा रेडिओ प्रक्षेपक आहे. धावपट्टीच्या मध्यरेषेच्या सरळ रेषेत, उतरण्याच्या मार्गाखाली तो बसवतात. ७५ मेगाहर्ट्झवरील त्याची शलाका थेट आकाशाकडे जाते. त्यामुळे विमान डोक्यावर असताना काही सेकंदच संकेत मिळतो.

बाह्य मार्कर धावपट्टीपासून सुमारे ७ किमीवर असतो. तेथे ४०० हर्ट्झचा लांब ठोक्यांचा ध्वनी येतो व निळा दिवा लागतो. याच क्षणी वैमानिक उंचीमापकाची नोंद नकाशातील उंचीशी ताडून पाहतो. उतरणीचा संकेत फसवा असल्यास तो येथेच उघड होतो. बीकनचे खरे मोल यातच आहे. सुमारे १ किमीवरील मध्य मार्करचा दिवा पिवळसर, तर धावपट्टीलगतच्या आंतर मार्करचा पांढरा असतो.

बाह्य मार्कर विमानतळाच्या हद्दीबाहेर येतो आणि त्यासाठी जागा, वीज व राखण लागते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाजवळच्या कामोठे (ता. पनवेल) परिसरासारख्या दाट वस्तीत अशी जागा मिळणे अवघड. विमानतळाच्या आवारातच बसणारे डीएमई हे उपकरण अंतर सतत दाखवते. त्यामुळे जगभर मार्कर बीकन मागे पडत आहेत.