तारेची परीक्षा आणि जाळ्याची परीक्षा



मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर इस्लापूर लागते. सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला गेलेल्या मंडळींना ते ठाऊक असेलच. अशा लहान स्टेशनांतून एके काळी तारयंत्राचे कडकट्ट चालायचे, आणि ते कानाने वाचता येईल त्यालाच तिथली खुर्ची मिळायची. आज मी बोलणार आहे ते त्या खुर्चीच्या नव्या वारसाविषयी, म्हणजे संगणकांच्या जाळ्याच्या परीक्षेविषयी.

आपल्या देशात तारेचा प्रयोग १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर असा झाला. तो करणारे ओशॉनेसी हे पेशाने डॉक्टर. १८५४ मध्ये मुंबई आग्र्यामार्गे कलकत्त्याला जोडली गेली आणि पुढल्या वर्षी तार सर्वांना खुली झाली. गंमत अशी, की पहिल्या तारवाल्यांनी सुईच्या हालचालीवरून निरोप वाचायला शिकावे, तोच १८५७ च्या सुमारास मोर्सची लिपी आली. शिकलेले सारे बाजूला ठेवून पुन्हा धडा गिरवणे आले! ही तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली.

तोवर दुसरे जाळे पसरले होते. १९८३ च्या १ जानेवारीस अमेरिकेतल्या अर्पानेटने आजच्या इंटरनेटचे नियम स्वीकारले. आपल्याकडे ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य माणसाला मिळाले. हे जाळे सांभाळणाऱ्यांची पारख कोणी करायची? इथे सरकारी खात्याऐवजी यंत्रे विकणारी कंपनीच परीक्षक झाली. सिस्कोने १९९३ मध्ये आपली सर्वांत कठीण परीक्षा सुरू केली आणि १९९८ मध्ये पहिल्या पायरीची, सीसीएनए नावाची. विक्रेत्यानेच गुरुजी व्हावे हे मला अजून पुरते पटलेले नाही. पण नोकरी देणारे तो कागद मागतात, हेही खरे.

या परीक्षेत आपली मुले अडतात ती पत्त्यांच्या विभागणीत. वास्तविक आपल्या जुन्या शाळेत निमकी-पावकी घोकून घेत, तोच हा हिशेब. समजा, शाळेला २५६ पत्त्यांचे एक जाळे मिळाले. त्याचे अर्धे १२८, पाव ६४. म्हणजे चार वाटे झाले: ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१ आणि १९२ ते २५५. प्रत्येक वाट्यातला पहिला पत्ता त्या वाट्याच्या नावाचा, शेवटचा सर्वांना एकदम दवंडी पिटण्याचा. म्हणून वापराला उरतात ६२. आता सांगा, १०० आणि १३० हे पत्ते एका घरातले की दोन? दोन घरांतले, त्यांना बोलायचे तर मध्ये रूटर हवा. या विभागणीच्या खुणेत शेवटचा आकडा १९२ येतो. जुन्या रुपयाचे पैही १९२ च असत. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.

शिक्षकबंधूंनो, एवढे फळ्यावर खडूने शिकवता येते. पुढच्या सरावाला पॅकेट ट्रेसर नावाची आज्ञावली फुकट मिळते. त्यात रूटर विकत न घेता पडद्यावर जोडता येतो, आणि मुद्दाम बिघडवून दुरुस्तही करता येतो. मी म्हणेन, बिघडवाच. कारण बाजारात चोरट्या प्रश्नांचे संग्रह विकले जातात. ते पाठ करून कोणी उत्तीर्ण होतो आणि कामाच्या पहिल्याच दिवशी तार कुठे तुटली ते त्याला उमगत नाही.

परीक्षा दोन तासांची आणि इंग्रजीतून असते. मराठीची सोय नाही. २०२० मध्ये तिचा अभ्यासक्रम बदलला तेव्हा फी ३०० डॉलर होती. शेतकऱ्याच्या घरातून ही रक्कम एकदाच निघते, दुसऱ्यांदा निघेलच असे नाही. म्हणून वरचा १०० आणि १३० चा सवाल मुलाला रोज नवे आकडे घालून विचारावा. कागद न घेता, बोटे न मोजता उत्तर येऊ लागले की मगच नाव नोंदवू द्यावे. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. त्यानंतर सुईवाल्या तारमास्तरासारखे पुन्हा बाकावर बसणे आहेच.