गर्भपात, कवकजन्य (गुरांतील)

कवकाच्या (बुरशीच्या) संसर्गामुळे गाय वा म्हैस गाभडणे, यास कवकजन्य गर्भपात म्हणतात. डेन्मार्कमधील पशुवैद्य बेर्नहार्ट बांग यांनी १८९७ मध्ये सांसर्गिक गर्भपाताचा जंतू शोधला. त्यामुळे संशोधनाचा भर प्रारंभी जंतूंवर राहिला. अमेरिकेत थीओबॉल्ड स्मिथ यांना १९२० मध्ये गाभडलेल्या गाईच्या वारेत म्यूकर वंशातील बुरशी आढळली. बेंडिक्सन व प्लुम या डॅनिश संशोधकांनी १९२९ मध्ये ॲस्परजिलस फ्यूमिगेटस व ॲब्सिडिया रॅमोसा ही कवके गर्भपातास कारणीभूत असल्याचे दाखविले. पुढे १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये ह्यू-जोन्स व ऑस्टविक यांनी हवामान व या रोगाचे प्रमाण यांचा संबंध अभ्यासला. चारा वाळविण्याच्या दिवसांतील पाऊस व पुढील हिवाळ्यातील गर्भपात यांची सांगड त्यातून लागली.

बुरसटलेल्या वैरणीतील बीजाणू श्वासावाटे किंवा चाऱ्याबरोबर शरीरात शिरतात व रक्तावाटे वारेत पोहोचतात. वार जाड व चामड्यासारखी होऊन गर्भाचे पोषण खुंटते आणि बहुधा सहाव्या ते आठव्या महिन्यात गर्भपात होतो. काही मृत वासरांच्या कातडीवर गजकर्णासारखे चट्टे दिसतात. हा रोग एका गाईकडून दुसरीस सहसा होत नाही.

जालना जिल्ह्यातील घनसावंगीसारख्या गोदाकाठच्या तालुक्यात ज्वारीचा कडबा हा गुरांचा मुख्य आधार आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाड्यातील रब्बी ज्वारीची मोठी हानी झाली. अशा वेळी भिजलेला कडबा तसाच गंजीत रचला गेला, तर तो आतून तापून बुरसटतो. टंचाईत तो टाकून देणे शेतकऱ्यास जड जाते; परंतु गाय गाभडली, तर वासरू जाते व पुष्कळदा वेताचे दूधही बुडते.

सांसर्गिक गर्भपाताविरुद्ध चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. कवकजन्य गर्भपातावर मात्र लस नाही. दोन्ही रोगांतील फरक नुसत्या डोळ्यांनी ठरविता येत नाही; त्यासाठी वार व मृत वासराच्या जठरातील द्रव प्रयोगशाळेत तपासावा लागतो. सांसर्गिक गर्भपात माणसासही होत असल्याने वार उघड्या हातांनी हाताळू नये. कडबा पूर्ण वाळवूनच रचणे, गंजी उंचवट्यावर घालून वरून झाकणे आणि बुरसटलेल्या पेंढ्या गाभण जनावरांपासून दूर ठेवणे, हाच खरा प्रतिबंध होय.