सात की आठ

आमच्या पाटण खोऱ्यात तेव्हा घरटी एक माणूस मुंबईला असायचा, आणि मुंबईला म्हणजे गिरणीत. महिन्याला मनीऑर्डर यायची, गणपतीला माणूस यायचा. वरच्या आळीतल्या काकूंचे यजमान असेच एका गिरणीत माग चालवायचे. एका गणपतीला त्यांनी चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर आणला. तो पडवीतल्या खुंटीला टांगलेला असे. आळीला बातम्या कळायच्या त्या त्याच्यावरच.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मनीऑर्डरी थांबल्या. बरेच जण गावी येऊन नांगराला लागले, पण काका "आज मिटंल, उद्या मिटंल" म्हणत परळच्या खोलीवरच राहिले. रोज सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्रावर प्रादेशिक बातम्या लागायच्या. तेव्हा काकूंच्या पडवीत दहाबारा बाया, दोनतीन म्हातारे जमायचे. संपाचं नाव निघालं की सगळे श्वास धरायचे.

त्यात ऐन पावसाळ्यात रेडिओ मुका झाला.

मी दहावी होऊन कराडच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात सहा महिने उमेदवारी करत होतो. डाग द्यायला शिकलो होतो, तेवढ्यावरच छाती फुगलेली. काकूंनी रेडिओ पदरात गुंडाळून आणला. म्हणाल्या, "बाळा, संपाचं काय झालं तेवढं कळाया पायजे बघ. लवकर दे." मास्तरांना दाखवतो म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "मीच करतो की काकू, उद्या घेऊन जावा."

आवाज नाही म्हणजे आवाज काढणारी शेवटची जोडी गेली, असा माझा हिशेब. त्या काळच्या पुष्कळ सेटांत ही जोडी एसी १८७ आणि एसी १८८ अशी असायची. दिसायला दोन्ही सारखे, पत्र्याच्या छोट्या डबीसारखे. मी दोन्ही एकदमच उपटले आणि बशीत टाकले. मग उजेडात धरून बघतो तर अंगावर नुसतं 'एसी १८' एवढंच. उष्णता ओढून घेणारी पत्र्याची पट्टी घासून घासून शेवटचा आकडा दोन्हींवरनं उडालेला. सात कुठला आणि आठ कुठला?

फरक साधा नव्हता. १८७ हा एनपीएन जातीचा, १८८ हा पीएनपी. एकातनं वीज जशी वाहते, तिच्या बरोबर उलटी दुसऱ्यातनं. मी मीटर काढला. एनपीएनच्या मधल्या पायाला, म्हणजे बेसला, धन टोक लावलं की काटा हलतो, एवढं मला ठाऊक होतं. लाल वायर म्हणजे धन, असं धरून मी दोघांची जात ठरवली, डाग दिला आणि सेल घातले. आधी गरम वास आला. बोट लावलं तर चटका बसला. दोन्ही गेले.

रात्रभर झोप नाही. सकाळी सगळं मास्तरांपुढे ठेवलं. ते रागावले नाहीत, त्यानं जास्तच लाज वाटली. त्यांनी मीटर उचलला आणि म्हणाले, "काट्याच्या मीटरात ओहम मोजताना आतला सेल काम करतो. बहुतेक मीटरांत त्याचं धन टोक काळ्या वायरीला येतं. तू सात म्हणालास तो आठ होता."

मग त्यांनी सेट तपासला. मूळ बिघाड भलताच होता. कानाला लावायच्या इअरफोनची जी खोबण असते, तिच्यातली पितळी पट्टी पावसाळी हवेनं हिरवी पडली होती. त्यामुळं स्पीकरकडे आवाज जातच नव्हता. कागदाला घासायचा पॉलिश पेपर दोनदा फिरवला असता तर काम झालं असतं. माझ्या हातून चांगली जोडी जळाली होती.

दुपारी गिऱ्हाईक नसताना मास्तरांनी मला वहीत लिहायला लावलं. युरोपच्या पद्धतीत पहिलं अक्षर पदार्थाचं. ए म्हणजे जर्मेनियम, बी म्हणजे सिलिकॉन. दुसरं अक्षर कामाचं. सी म्हणजे आवाजाच्या लहरींसाठी लहान ताकदीचा, डी म्हणजे त्याच कामाचा मोठ्या ताकदीचा, एफ म्हणजे रेडिओ लहरींसाठी, वाय म्हणजे उलटसुलट वीज सरळ करणारा डायोड. म्हणून बीसी १४८, बीएफ १९४. ही रीत १९६६ पासून ब्रसेल्सच्या प्रो इलेक्ट्रॉन या संस्थेनं चालवली. त्याआधीचा ओसी ७१ हा व्हॉल्व्हच्या जमान्याचा नातू. त्यातला ओ म्हणजे शून्य, आत तापणारी तार नाही. अमेरिकेचा माल १एन असेल तर डायोड, २एन असेल तर ट्रान्झिस्टर. जपानी मालावर जागेअभावी २एस छापतच नाहीत. सी ८२८ दिसलं तर २एससी ८२८ वाचायचं. त्यांच्यात ए आणि बी पीएनपी, सी आणि डी एनपीएन. आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा माल मात्र युरोपच्याच अक्षरांनी यायचा.

आकड्यांतही फसगत असते. ७८१२ हा बारा व्होल्ट स्थिर ठेवणारा भाग असतो, आणि नुसती तारीखही असू शकते, १९७८ चा बारावा आठवडा. कपॅसिटरवर १०४ लिहिलं तर ते एकशेचार नव्हे. दहापुढं चार शून्यं, तेवढे पिकोफॅरड. रेझिस्टरच्या पट्ट्यांचं तर मी बांगड्यांसारखं पाठ केलं. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ.

शेवटी मास्तर म्हणाले, "आणि काहीच वाचता आलं नाही, तर शेजाऱ्याला विचार. तो कुणाला जोडलाय, वीज कुठनं येती, ते बघ. जागेवर असता तर जागेनंच सांगितलं असतं, हा सात, तो आठ. तू उपटून बशीत टाकलेस, मग त्यांना तरी कोण ओळखणार?"

नवी जोडी माझ्या पगारातनं कापली. पाचव्या दिवशी रेडिओ बोलता झाला. काकूंनी एवढंच विचारलं, "मधल्या पाच दिसांत संपाचं काय आलं का रं?" दुकानात रोज रेडिओ चालू असायचा, पण मी खाली मान घालून बसलेला. मला सांगता येईना. बिघाड मोठा होता, एवढं खोटं मात्र बोललो.

संप मिटल्याची बातमी त्या रेडिओवर कधीच आली नाही. तो अधिकृतपणे मागेच घेतला गेला नाही, नुसता विरत गेला. पुढच्या वर्षी काका ट्रंक घेऊन गावी आले, ते कायमचेच. एका संध्याकाळी मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मागावर धागा तुटला तर आमी तुटल्यालं टोक हुडकायचो. चांगला ताणा कोण तोडंल?" मग जरा थांबून म्हणाले, "आता मागच न्हाई म्हणा."

कराडचं ते दुकान आता नाही. काकूंचा रेडिओ माझ्याकडे आहे; त्यांच्या सुनेनं भंगारात घालण्याआधी मला विचारलं. आत तीच जोडी आहे. दोघांच्या शेजारी पाटीवर मी तेव्हाच सुईनं कोरून ठेवलं होतं, ७ आणि ८. अजून वाचता येतं.