जेऊरचा चाळीस फुटी कॅमेरा

जबलपूरच्या पूर्वेकडील रांझी-खमरियाचा परिसर शस्त्रनिर्मितीच्या कारखान्यांमुळे देशाला परिचित आहे. तेथून जवळच डुमनाचे वन आणि खंदारी जलाशय आहे. तेथे पक्षी टिपण्यास जाणारा हौशी छायाचित्रकार आज आरसा नसलेला हलका कॅमेरा, त्यावर झूमचे दूरभिंग आणि दोहोंच्या मध्ये टेलिकन्व्हर्टर नावाची आखूड नळी घेऊन जातो. ही नळी नव्या युगाची वाटते. परंतु तिचे मर्म जुने आहे.

दूरची वस्तू मोठी दिसावी, तर भिंगाचे नाभीय अंतर लांब हवे. मात्र ते वाढले की नळीही वाढते. इंग्लंडमधील वुलिच येथील गणिती पीटर बार्लो यांनी १८३३-३४ च्या सुमारास यावर उपाय सुचविला. बहिर्गोल भिंगातून एकत्र येणारे किरण नाभीस पोहोचण्यापूर्वी मध्ये एक अंतर्गोल भिंग ठेवावे. किरण सावकाश मिळतात व प्रतिमा मोठी होते. १८९१ मध्ये लंडनचे डालमायर, बर्लिनचे मीठे आणि म्युनिकचे श्टाइनहाइल यांनी याच तत्त्वावर, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, कॅमेऱ्याची दूरभिंगे तयार केली. आजचा टेलिकन्व्हर्टर याच कुळातला.

या विद्येची मोठी कसोटी भारतभूमीवर लागली. २२ जानेवारी १८९८ रोजी, पौष अमावास्येस, खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणच्या किनाऱ्यावरून सोलापूर, वऱ्हाड ओलांडीत ईशान्येस गेली. ग्रहणाचे प्रभामंडल टिपण्यास देशोदेशीचे ज्योतिर्विद आले. करमाळा तालुक्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनी चाळीस फूट नाभीय अंतराचा कॅमेरा उभारला. त्याचे भिंग अवघे पाच इंचांचे. चंद्रबिंबाची प्रतिमा मात्र सुमारे साडेचार इंचांची. एवढी नळी सूर्यामागे फिरविणे कठीण. म्हणून ती अचल ठेवून आतील छायाचित्रणाची काचच घड्याळयंत्राने सरकविली जाई. सारी सिद्धता होती ती सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी. एखादा ढग आला, एखाद्याचा हात चुकला, तर महिन्यांचा प्रवास व्यर्थ. सुदैवाने आकाश निरभ्र राहिले.

जबलपूरच्या पूर्वेस, रेवा संस्थानातील शहडोल येथे ग्रीनिचचे राजज्योतिषी क्रिस्टी यांनी निराळा मार्ग धरला. त्यांच्या नऊ इंची दुर्बिणीस डालमायरचे अंतर्गोल भिंग जोडले होते. जेऊरला लांबी खरी होती, शहडोलला ती भिंगाने निर्माण केली होती. डुमनाच्या छायाचित्रकाराने आज पत्करलेली वाट ही शहडोलचीच होय.

जेऊरलाच पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांचाही तळ होता. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून १८८८ मध्ये पुण्यात वेधशाळा स्थापन झाली. पुढे तीत आलेली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. त्या वर्षी मुंबई-पुण्यावर प्लेगचे सावट होते; तरीही एका भारतीय अध्यापकाचे पथक पाश्चात्त्य पथकांशेजारी वेध घेत होते. परंतु १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. उपकरणे कोडाईकनालला गेली. दुर्बीण टिकली; पुण्यातील परंपरा मात्र खंडित झाली.

विजयदुर्गावरील ‘साहेबाचा कट्टा’ पाहणारे पुष्कळ जण हेलियमचा शोध लॉकियर यांनी १८६८ मध्ये तेथेच लावला, असे मानतात. वस्तुतः त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गास ते आले १८९८ च्या ग्रहणासाठी. स्थलाचा अभिमान खरा असावा, त्यास चुकीच्या सनाचा आधार नसावा.

दूरभिंगाचा एक नियम त्या काळी होता, तोच आज आहे. दुप्पट करणारा टेलिकन्व्हर्टर लावला, की प्रतिमेवरील प्रकाश एक चतुर्थांश उरतो. आधुनिक संवेदक व पडद्यावर दृश्य उजळून दाखविणारा कॅमेरा ही उणीव पुष्कळशी झाकतात; ती नाहीशी करीत नाहीत. दूरचे पाहावयाचे तर प्रकाशाची किंमत द्यावी लागते. पुण्याच्या वेधशाळेचा वृत्तान्त सांगतो, की एवढ्याने भागत नाही. एका माणसाने उभारलेले काम पुढे नेणारे दुसरे हातही लागतात.